एक पान, तीन गाणी: आपल्या संगीताची पहिली वेबसाइट

कार्यक्रम संपला होता. पेटीचा भाता लावून खोळ चढवत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ जवळ आले. "अभंग छान झाला हो. तुमचं कुठं ऐकायला मिळेल?" बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: "यूट्यूबवर नाव टाका, सापडेल." एकदा रात्री सहज स्वतःच टाकून पाहिलं. माझ्या नावाचे दोन गायक निघाले, एक क्रिकेटचा पंच निघाला, एक बोअरवेलवाला निघाला. मी बराच खाली होतो, तोही कोणीतरी मंडपाच्या खांबाला टेकून काढलेल्या व्हिडिओत, मागच्या पंगतीतल्या "वरण, वरण"सकट.

त्यानंतर मी एक पान केलं. एकच पान, तीन गाणी, खाली संपर्क. हा लेख तेवढ्या एका पानाचा आहे. तुम्ही भजनी मंडळात पेटी वाजवत असाल, गझलेला चाली लावत असाल किंवा खोलीला गाद्या लावून मराठी रॅप रेकॉर्ड करत असाल, काम सारखंच आहे. एखादा संगणक (उसना चालेल), एक रविवार आणि थोडा धीर एवढं लागतं. प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही.

यूट्यूब-स्पॉटिफाय सोडा, असं मी म्हणत नाही. बाजार तिथे भरतो, तिथे जावंच लागतं. पण बाजार उठतोही. मायस्पेस या एकेकाळच्या बड्या साइटवर २०१६ पूर्वी लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर (साइटच्या फाइली ठेवणारे संगणक) बदलताना गेली, हे २०१९ मध्ये उघड झालं. आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि रात्रीत कित्येकांचा श्रोतावर्ग हवेत विरला. स्वतःच्या पानावर गर्दी नसते, पण तिथल्या फाइली आणि पत्ता आपल्या हातात राहतात. जागा बदलली तरी तोच पत्ता नव्या जागेकडे वळवता येतो.

पायरी १: तीनच गाणी निवडा

नवखा माणूस पहिली चूक इथे करतो. मी पहिल्या खेपेला चौदा ध्वनिमुद्रणं चढवली. त्यात एकच अभंग तीन गावांत गायलेला, म्हणून तीनदा. वर तारखेप्रमाणे लावली, म्हणजे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कच्चं पहिलं. आलेला माणूस पहिलंच वाजवतो, आणि ते आवडलं नाही तर दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही.

ज्याच्यावर पैज लावाल ते गाणं पहिलं ठेवा. दुसरं त्याहून वेगळ्या लयीचं किंवा वेगळ्या अंगाचं. तिसरं अलीकडचं. निवडताना साथीला बसणाऱ्या एखाद्या माणसाला विचारा. घरच्यांना विचारू नका, त्यांना सगळीच आवडतात.

रागसंगीतवाल्यांची अडचण वेगळी असते. अर्ध्या तासाचा ख्याल अनोळखी माणूस फोनवर ऐकायला बसेल, ही अपेक्षा धरू नये. त्यातला चार-पाच मिनिटांचा तुकडा वर ठेवा आणि त्याखाली पूर्ण ध्वनिमुद्रण. तुकडा समेवर संपवा. तानेच्या मध्येच आवाज विरवून टाकला तर जाणकार श्रोता तिथूनच परत जातो.

पायरी २: हे गाणं खरंच तुमचं आहे का?

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला सांगेन. एका गाण्यात तीन निरनिराळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. भारतीय कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, तिघांचे हक्क वेगवेगळे मोजले जातात.

शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ती ६० वर्षं मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. तुकोबांच्या, जनाबाईंच्या अभंगाच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कविता मोकळ्या झालेल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०५९ संपेपर्यंत आहे. तुम्ही त्यांच्या कवितेला कितीही सुंदर चाल लावा, सगळ्यांसाठी मांडायची तर परवानगी लागते.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो अभंगांत. "अभंग संतांचा, मग कोणाला विचारायचं?" असं म्हणून माणूस रेडिओवर ऐकलेल्या चालीत गातो. शब्द संतांचे, पण ती चाल गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतल्या कोणा संगीतकाराची असते. भजनी मंडळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल निराळी आणि कॅसेटमधून शिकलेली निराळी. कुठून शिकलो ते आठवत नसेल तर मंडळातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, तो सांगतो. माझ्या चौदापैकी पाच गाणी या एका प्रश्नावर गळाली.

तिसरी गोष्ट ध्वनिमुद्रण. ते करण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो निर्माता, आणि कायदा त्यालाच ध्वनिमुद्रणाचा कर्ता मानतो. गणेशोत्सव मंडळाने तुमचा कार्यक्रम स्वतः रेकॉर्ड केला असेल, तर "गायलो मी, म्हणजे माझंच" असं गृहीत धरू नका. अध्यक्षांकडून दोन ओळी लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या तरी नसल्यापेक्षा बऱ्या. स्टुडिओत पैसे मोजून रेकॉर्ड केलं असेल तर पावती जपून ठेवा. कॅराओके ट्रॅकवर गायलेलं तर पहिल्या पानावर नकोच, तो ट्रॅक दुसऱ्याच कोणाचं ध्वनिमुद्रण असतो. रॅपवाल्या पोरांनी बीट कुठून उतरवली, तिथली अट काय होती, हे एकदा वाचावं. "फ्री" लिहिलेल्या पुष्कळ बीट फक्त विनानफा वापरापुरत्या फुकट असतात.

आणि साथीदार. तबलजी, टाळकरी, कोरसच्या मुली, सगळ्यांना सांगा की हे चढवतोय, आणि नाव कसं छापायचं तेही विचारा. आपल्याकडे यावरून जन्माचे अबोले झालेले आहेत.

पायरी ३: फाइल तयार करा

ध्वनिमुद्रणाची मूळ फाइल बहुधा वेव्ह, म्हणजे आवाज न आवळता साठवलेली, असते. सीडीच्या दर्जाची साडेचार मिनिटांची वेव्ह सुमारे ४८ एमबी भरते. मी पहिल्यांदा तीच चढवली होती, दर्जा उत्तम हवा म्हणून. गावाकडून भाच्याचा फोन आला, "मामा, बटण दाबलं की नुसतं गोल फिरतंय." तेच गाणं १६० केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण साडेपाच एमबीत बसतं आणि फोनच्या स्पीकरवर माझ्या कानाला तरी फरक कळत नाही.

याहून नवे आणि काटकसरी प्रकार आहेत, पण एमपीथ्री जुन्यात जुन्या फोनवरही वाजतं. बिटरेटबद्दल, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा त्या केबीपीएसच्या आकड्याबद्दल, माझा अनुभव सांगतो. एकट्या गळ्याला तंबोऱ्याची साथ असेल तर मोनो ९६ चालून जातं. अर्ध्या तासाचं गाणं त्यात २२ एमबीच्या आत बसतं. टाळ-झांजा असतील तर १६०च्या खाली उतरू नका. कमी बिटरेटला पहिला बळी वरच्या पट्टीतल्या किणकिणाटाचा जातो, आणि टाळ पाण्याखाली वाजवल्यासारखे ऐकू येतात. १९२ ठेवलं तर निश्चिंत. निर्यात करताना "कॉन्स्टंट" बिटरेट निवडा, नाहीतर काही फोनवर गाण्याची लांबी चुकीची दिसते.

हे सगळं ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. सुरुवातीचं खाकरणं आणि "हॅलो, चेक" कापा. शेवटच्या टाळ्या दोन-तीन सेकंद ठेवून विरवा. मग तिन्ही गाणी एकाच पातळीवर आणा, नाहीतर पहिल्याला आवाज वाढवलेला माणूस दुसऱ्याला दचकतो. त्यासाठी इफेक्टच्या यादीत "लाउडनेस नॉर्मलायझेशन" आहे. तिथे उणे १६ ठेवा आणि आवाज कुठे फाटत नाही ना ते ऐकून घ्या. मूळ वेव्ह मात्र पुसू नका. ती दोन जागी ठेवा, आणि त्यातली एक घराबाहेर.

फाइलींची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत द्या, मध्ये मोकळी जागा न सोडता, शब्दांत आडवी रेघ घालून. मराठीत नाव दिलं तरी चालतं, पण लिंक पाठवताना त्याचं टक्केचिन्हांनी भरलेलं शेपूट होतं. मोठं अक्षर आणि छोटं अक्षर हा सापळा तर प्रत्येकाला एकदा पकडतो. विंडोजला दोन्ही सारखी, सर्व्हरला नाहीत. घरी वाजणारं गाणं चढवल्यावर मुकं झालं की आधी तेच तपासा.

पायरी ४: मजकूर आधी लिहून काढा

पान करायला बसण्याआधी मजकूर तयार हवा. वर तुमचं नाव आणि एका ओळीत तुम्ही काय करता. "संगीताची आवड बालपणापासून" हे वाक्य घालू नका. ते सगळ्यांच्या पत्रिकेत असतं. "वारकरी अभंगांना नव्या चाली लावतो, पेटी वाजवतो, मुक्काम मिरज" एवढ्यात माणूस उभा राहतो.

प्रत्येक गाण्याखाली शब्द कोणाचे, चाल कोणाची, साथीला कोण, कधी आणि कुठे रेकॉर्ड केलं, हे द्या. राग-ताल माहीत असतील तर तेही. आणि गाण्याचे पूर्ण बोल द्या. हे आळसाने राहून जातं, पण लोक गाण्याचं नाव शोधत नाहीत, मुखड्याचे शब्द शोधतात. बोल पानावर असले तरच गूगलला पान सापडतं. पुष्कळजण मुखडा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून तीही एक ओळ असू द्या. जुन्या कवींचे बोल देताना छापील प्रतीवरून ताडून घ्या. नेटवरून उचललेल्या अभंगांत काना-मात्रा हरवलेल्या असतात, आणि कोणी जाणता वाचक आला की नामुष्की होते.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत, टाइप करा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटातली पत्रिका घेऊन ती तशीच चिकटवली तर पानावर कंस आणि उद्गारचिन्हांचा सडा पडतो.

फोटो एकच. मागे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स नसलेला, मिळाला तर. आकार दोनशे केबीच्या आत आणा. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर गाण्याआधी तोच डेटा खातो.

पायरी ५: जागा

पानाच्या फाइली इंटरनेटवर ठेवायला जागा लागते. पहिल्या पानासाठी तिचे पैसे भरू नका. मी गिटहब पेजेस वापरतो. ही सेवा मुळात प्रोग्रॅमरांसाठी आहे, त्यामुळे आत शिरल्यावर सगळं परकं वाटतं, पण आपल्याला तिथली तीन-चार बटणंच लागतात. साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला साधारण १०० जीबीपर्यंत वाहतूक चालते. साडेपाच एमबीचं गाणं धरलं तर महिन्याला अठरा हजार वेळा वाजेल. माझा अजून तरी कधी अठरा हजारांशी संबंध आलेला नाही. ब्राउझरमधून चढवताना एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी घेत नाही, म्हणून वर अर्ध्या तासाच्या गाण्याचं ते गणित केलं.

याहून लांब ध्वनिमुद्रणं, रात्रभरचं कीर्तन वगैरे, इंटरनेट आर्काइव्ह या सार्वजनिक संग्रहावर ठेवावीत आणि आपल्या पानावरून त्यांची लिंक द्यावी. तिथे ठेवणं मोफत आहे, पण ते जगाला उतरवून घेता येतं हे मनाशी पक्कं करून ठेवा.

पान हाताने लिहायचा अजिबात धीर होत नसेल तर गूगल साइट्स हा मार्ग आहे. तिथे काही लिहावं लागत नाही, सगळं ओढून जागेवर ठेवायचं. रूप सगळ्यांचं सारखंच दिसतं, आणि उद्या हलायचं म्हटलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. आणि लक्षात ठेवा, गूगल ड्राइव्हची शेअर केलेली लिंक म्हणजे गाण्याची फाइल नव्हे, ते गाणं दाखवणारं एक पान असतं. म्हणून ती पुढच्या पायरीतल्या ऑडिओ टॅगमध्ये (टॅग म्हणजे पानावर काय कुठे ते ब्राउझरला सांगणारी खूण) घातली तर वाजत नाही.

पायरी ६: पान लिहा

संगणकावर एक फोल्डर करा. त्यात तिन्ही गाणी, फोटो आणि नोटपॅडमध्ये केलेली एक फाइल. तिचं नाव इंडेक्स, मग टिंब, आडनाव एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा). हे नाव बदलू नका, सर्व्हर तेच शोधतो. टॅग इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे असतात. इथे मी उच्चार लिहितोय. नेमकी अक्षरं आणि नमुने मोझिलाच्या एमडीएन या साइटवर पाहायला मिळतात. तिथे "ऑडिओ" शोधा, पूर्ण उदाहरण मिळतं, ते उतरवून आपली नावं घाला.

पान दोन भागांचं असतं, डोकं आणि धड. टॅगही तेच, हेड आणि बॉडी. त्यांच्याही वर, एचटीएमएल टॅगमध्ये, पानाची भाषा "एमआर" म्हणजे मराठी आहे असं सांगा. याने केवळ शिस्त पाळली जात नाही. चांगल्या फाँटात मराठी वळणाचे ल आणि श वेगळे असतात, आणि ही खूण दिसली की ब्राउझर ते उचलतो. नाहीतर तुमचा "विठ्ठल" हिंदी वळणाच्या ल ने उमटतो. वाचणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण खटकतं.

डोक्यात चार गोष्टी: यूटीएफ-८ची नोंद, म्हणजे देवनागरी शाबूत राहते, व्ह्यूपोर्टची ओळ, नाहीतर फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, पानाचं शीर्षक, आणि ओपन ग्राफच्या तीन ओळी, ज्यांच्याकडे मी पुढे येतो.

धडात वर नाव, मग ओळख, मग फोटो, आणि लगेच पहिलं गाणं. फोनवर पान उघडताच वाजवायचं बटण दिसलं पाहिजे किंवा अंगठ्याच्या एका सरकवण्यात आलं पाहिजे. माझी पानाबद्दलची एकमेव हट्टी अट हीच. फिरणारे फोटो, "स्वागत आहे" असं सांगणारं पान, पाहुण्यांचा आकडा, सगळं त्या बटणाच्या आड येतं.

ऑडिओ टॅगला तीन गोष्टी सांगायच्या. एसआरसी म्हणजे गाण्याची फाइल कुठे आहे. कंट्रोल्स, म्हणजे बटण दिसेल. हा शब्द राहिला तर पानावर काहीच उमटत नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. आणि प्रीलोड "नन", म्हणजे श्रोत्याने दाबेपर्यंत गाणं उतरायला सुरुवात होणार नाही, त्याचा डेटा वाचतो. पान उघडताच आपोआप गाणं सुरू करायचा मोह टाळा. क्रोमने २०१८ पासून आवाजासह आपोआप वाजणं बहुतेक वेळा अडवलेलंच आहे. शिवाय पान ऑफिसात उघडलं जातं, तेराव्यालाही उघडलं जातं.

गाण्याखाली बोल पूर्ण टाकले तर पान फार लांब होतं. त्यावर "डिटेल्स" हा टॅग छान आहे. "बोल वाचा" एवढीच ओळ दिसते, बोट लावलं की कडवी उलगडतात.

रूपासाठी फार काही करू नका. अक्षर १८ पिक्सेलपेक्षा लहान नको. दोन ओळींत अंतर अक्षराच्या पावणेदोन पट ठेवा, कारण आपल्या लिपीत खाली उकार आणि वर वेलांट्या असतात; इंग्रजीच्या अंतरात त्या एकमेकांत अडकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. फाँट म्हणून गूगल फाँट्सवरचा "मुक्त" नावाचा चांगला आहे; बोलांसाठी पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी पाहा.

एक गंमत. दोन ऑडिओ टॅग एकमेकांना ओळखत नाहीत. पहिलं गाणं न थांबवता दुसरं दाबलं तर दोन्ही वाजतात. माझ्या पानावर काळी एकमधला अभंग आणि काळी चारमधली गवळण एकदम सुरू झाली होती, आणि पाहुणे समोर बसले होते. एक वाजायला लागलं की बाकीची थांबवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या पाच-सहा ओळी असतात. त्या हल्ली कुठल्याही चॅटबॉटला मराठीत सांगितलं तरी लिहून मिळतात. सगळं पानच त्याच्याकडून करून घ्यायचं असेल तरी हरकत नाही, पण अट घाला: एकच फाइल, फ्रेमवर्क नको, बाहेरची लायब्ररी नको. नाहीतर तो तीन गाण्यांसाठी मंगल कार्यालय बांधून देतो.

पायरी ७: चढवा

गिटहबवर खातं काढा. घेतलेलं नाव पत्त्यात दिसणार आहे, म्हणून विचार करून घ्या. मग नवी सार्वजनिक रिपॉझिटरी (फाइली ठेवायची पेटी), तिचं नाव म्हणजे तुमचं खात्याचं नाव आणि पुढे टिंब, गिटहब, टिंब, आयओ. तिच्यात फोल्डरातल्या सगळ्या फाइली ओढून टाका, "कमिट" दाबा. सेटिंग्जमध्ये "पेजेस"खाली पत्ता दिसतो. काही मिनिटांत पान जगाला खुलं.

तपासणी घरच्या वायफायवर करू नका. आपल्या ब्राउझरने सगळं आधीच साठवलेलं असतं, पान झटकन उघडतं आणि आपण फसतो. घरातला सगळ्यात स्वस्त फोन घ्या, मोबाइल डेटा चालू करा, इनकॉग्निटो खिडकीत उघडा. उन्हात उभं राहून अक्षर वाचता येतं का पाहा. बटण दाबल्यापासून पहिला सूर येईपर्यंत मोजा. पाच आकडे झाले तर फाइल अजून लहान करा.

पायरी ८: स्वतःचा पत्ता

हे पहिल्या दिवशी नको. महिनाभर पान वापरा, मग डोमेन, म्हणजे पत्त्यासाठी स्वतःचं नाव, घ्या. डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही ठीक. पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका, नूतनीकरणाचा दर बघा. तो बराच जास्त असतो आणि दरवर्षी भरायचा असतो.

नाव निवडताना फोनची परीक्षा घ्या. गावाकडच्या मावशीला फोनवर सांगून पाहा; तिने एका दमात बरोबर लिहिलं तर घ्या. ज्ञानेश्वरचा ज्ञ डी-एन-वायने लिहायचा की जी-वायने, ळ ला काय करायचं, "श्री"त दोन ई की एक आय, या भानगडी आपल्या नावांना जन्मजात आहेत. डॉट भारत हा देवनागरी पत्ताही २०१४ पासून मिळतो. मला तो मनापासून आवडतो, पण आत त्याचं इंग्रजी अक्षर-आकड्यांत रूपांतर होतं आणि काही ठिकाणी पाहणाऱ्याला तेच अगम्य रूप दिसतं. म्हणून तो जोडीला ठेवा, एकटा नको.

डोमेन स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवरून घ्या. माझं पहिलं डोमेन एका मित्राने हौसेने त्याच्या खात्यातून घेऊन दिलं होतं. तो परदेशी गेला, जुना ईमेल बंद केला, नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. आता त्या पत्त्यावर दुसऱ्याच कोणाची जाहिरात आहे. मित्राशी अजून बोलणं आहे, पण तो विषय आम्ही काढत नाही.

पायरी ९: लोकांपर्यंत

आपल्याकडे पान पसरतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. लिंक पाठवल्यावर तिच्याखाली छोटा फोटो आणि दोन ओळी दिसल्या तर लोक उघडतात, नुसती निळी लिंक दिसली तर फसवणूक समजून सोडून देतात. ते दिसण्यासाठीच डोक्यातल्या त्या ओपन ग्राफच्या तीन ओळी: शीर्षक, वर्णन, चित्र. चित्राचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहा, आणि चित्र हलकं ठेवा. पुढे चित्र बदललंत तरी व्हॉट्सअ‍ॅप काही काळ जुनंच दाखवतं, त्यामुळे पहिल्यांदा कुटुंबाच्या ग्रुपवर नाही, एखाद्या जवळच्या माणसाला एकट्याला पाठवून पाहा.

संपर्कासाठी ईमेल पुरे. फोन नंबर टाकायचाच तर वेगळ्या सिमचा टाका. "आवडलं तर" म्हणून यूपीआयचा क्यूआर ठेवायला हरकत नाही, मीही ठेवलाय. पण ज्या यूपीआय आयडीत मोबाइल नंबरच असतो तो वापरू नका, दुसरा आयडी करता येतो. त्यातून किती आले हे विचारू नका. एकदा अकरा रुपये आले होते, सोबत "माऊली" एवढाच शब्द. त्याचा स्क्रीनशॉट अजून आहे.

कार्यक्रमात वाटायला छोटं कार्ड छापलंत तर त्यावर क्यूआर घाला. मोफत क्यूआर देणाऱ्या काही साइट तुमचा पत्ता थेट न घालता स्वतःचा मधला पत्ता घालतात, आणि मुदत संपली की पैसे मागतात. "स्टॅटिक" क्यूआर घ्या. स्कॅन केल्यावर थेट तुमचाच पत्ता दिसतो का, हे छापखान्यात जायच्या आधी तपासा. खाली पत्ता अक्षरांतही छापा. कार्यक्रमाला येणाऱ्यांतले निम्मे चष्मा शोधत असतात आणि कॅमेरा नातवाकडे असतो.

वर्षातून एकदा, मी दिवाळीच्या साफसफाईच्या आसपास करतो, पान नव्या माणसासारखं उघडायचं. तिन्ही गाणी वाजतात का, डोमेनची मुदत कधी, संपर्क चालू आहे का, साथीदारांपैकी कोणाचं नाव बदलायचंय का. नवं गाणं आलं की एक जुनं खाली उतरवायचं. हा नियम मी केला आणि मीच मोडला, सध्या तिथे चार आहेत. पाचवं तयार आहे, पण त्यासाठी दुसरं काढावं लागेल, आणि त्यातला तबलजी दर आठवड्याला पान उघडून बघतो.